आस्सेच्या खाणीतील सव्वा लाख पिंपे

जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्यात, ब्राउनश्वाइग नगराच्या आग्नेयेस, आस्से नावाची वनराजीने आच्छादलेली टेकड्यांची एक ठेंगणी रांग आहे. रेमलिंगेनसारखी लहान कृषिग्रामे तिच्या आश्रयाने वसली आहेत आणि तिच्या उदरात सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी आटून गेलेल्या एका समुद्राचे मीठ साठले आहे. त्या मिठात, भूपृष्ठापासून पाचशे ते साडेसातशे मीटर खोल, किरणोत्सर्गी कचऱ्याने भरलेली १,२५,७८७ पिंपे आणि पात्रे पडून आहेत. १९६७ ते १९७८ या काळात, सरकारी परवान्यांनिशी, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली आणि पुन्हा कधीही बाहेर काढावयाच्या नाहीत अशा निश्चयाने ज्या वस्तू तेथे नेऊन ठेवल्या, त्याच आता बाहेर काढण्याची तजवीज चालू आहे. या उलट्या प्रवासाचा वृत्तान्त नीट लावून पाहिला, तर असे दिसते की आस्सेचा निर्णय भूगर्भाच्या परीक्षेने झालाच नाही. एक रिकामी खाण हाताशी होती, या सोयीनेच तो झाला, आणि त्या सोयीची किंमत दोन पिढ्यांनंतरच्या माणसांवर येऊन पडली.

पश्चिम जर्मनीला अणुसंशोधनाची मुभा मिळाली ती १९५५ साली. त्याच वर्षी बॉन येथे अणुविषयक प्रश्नांसाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले, पुढच्या वर्षी कार्ल्सरूहे येथे संशोधनकेंद्राचा पाया घातला गेला आणि १ जानेवारी १९६० पासून अणुकायदा अमलात आला. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या राष्ट्राला स्वस्त आणि विपुल विजेचे जे स्वप्न पडले होते, त्याच्या उत्साहात कचऱ्याचा प्रश्न साहजिकच मागे पडला. परंतु प्रयोगशाळा चालू झाल्या म्हणजे कचरा होणारच. दूषित हातमोजे, गाळण्या, मोडकी उपकरणे, सांडपाणी आटवून उरलेला गाळ यांची पिंपे कार्ल्सरूहेच्या आवारात साचू लागली. ती कोठे न्यावयाची याचे उत्तर त्या काळच्या शास्त्रज्ञांजवळ जवळजवळ तयार होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९५७ साली दिलेल्या अहवालात मिठाचे थर हे किरणोत्सर्गी द्रव्यांच्या निक्षेपासाठी सर्वांत आशादायक स्थान म्हणून सुचविले होते, आणि उत्तर जर्मनीच्या भूमीखाली मिठाला तोटा नव्हता.

मिठाची निवड निराधार होती असे मुळीच नाही. सैंधव उष्णता सहज वाहून नेते. वरच्या खडकाच्या भाराखाली ते अतिशय मंद गतीने सरकत राहते आणि आपल्यात पडलेल्या भेगा आपणच मिटविते. आणि जे मीठ कोट्यवधी वर्षे न विरघळता टिकले, त्याला इतका काळ पाणी शिवले नाही हे तर उघडच होते. या युक्तिवादात एकच गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे मीठ अभंग असावे. माणसाने ज्याला अद्याप हात लावलेला नाही अशा मिठाचे गुण माणसाने अर्धशतकभर पोखरलेल्या मिठाला लागू पडतील काय, हा प्रश्न आस्सेच्या बाबतीत सर्वांत आधी विचारावयास हवा होता.

कारण आस्सेचा पूर्वेतिहास कोणापासून लपलेला नव्हता. या टेकडीत पोटॅशसाठी पहिला उभा कूप विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी खणला गेला, आणि १९०६ च्या सुमारास पाणी शिरून तो बुडाला. त्यानंतर थोड्या अंतरावर दुसरा कूप खणण्यात आला. तोच ‘आस्से २’ होय. तिसऱ्या कूपाचीही गत पहिल्याप्रमाणेच झाली व १९२० च्या दशकात तो सोडून द्यावा लागला. म्हणजे एकाच टेकडीत खणलेल्या तीन कूपांपैकी दोन पाण्याने गिळले होते. उरलेल्या एकात १९०९ पासून पोटॅश आणि पुढे १९१६ पासून सैंधव काढण्यात आले. मिठाच्या उभट घुमटाच्या दक्षिण अंगाला एकाखाली एक अशी तेरा पातळ्यांवर १३१ दालने कोरली गेली. एकेक दालन सुमारे ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि १५ मीटर उंच, दोन दालनांमधले खांब केवळ १२ मीटर जाडीचे आणि छते तर ६ मीटरांची. काही ठिकाणी खाणकाम मिठाच्या कडेपर्यंत इतके भिडले होते, की बाजूच्या भेगाळलेल्या, पाणी धरणाऱ्या खडकात आणि दालनात थोड्याच मीटरांचे अंतर उरले होते. ही दालने भरून काढण्याची तसदी कोणी घेतली नाही. १९६४ साली मिठाचा धंदा परवडेनासा झाल्यामुळे खाण बंद पडली, आणि १९६५ साली संघराज्य सरकारच्या वतीने म्यूनिक येथील किरणसंशोधन संस्थेने ती विकत घेतली.

नवा कूप खणावयाचा म्हणजे वर्षे आणि पैसा दोन्ही लागणार. येथे तर पाळणे, रुळ, वायुवीजन, कामगार सारे सिद्ध होते. एप्रिल १९६७ मध्ये पहिली पिंपे खाली उतरली. सरकारदफ्तरी हे कार्य संशोधनाचे होते. मिठात कचरा कसा ठेवावा, उष्णतेने मीठ कसे वागते, पिंपांची ने-आण कशी करावी याचे प्रयोग तेथे खरोखरीच झाले, आणि त्यांतून मिळालेले ज्ञान पुढे अनेक देशांना उपयोगी पडले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु प्रयोग म्हटले, की प्रयोगानंतर पदार्थ परत घेण्याची सोय ठेवावी लागते. तशी सोय येथे नव्हती. संशोधनाच्या परवान्यावर देशातल्या सौम्य आणि मध्यम तीव्रतेच्या कचऱ्याचा निकाल लावण्याचे नित्यकर्म चालू झाले, आणि त्यावर अखत्यारी राहिली ती अणुकायद्याची नव्हे, तर मुख्यतः खाणकायद्याची.

पिंपे कशी ठेवली गेली हे जवळून पाहण्यासारखे आहे. आरंभी ती उभी, ओळीने, थरावर थर अशी रचली जात. पुढे ती आडवी रचण्यात आली. परंतु या दोन्ही रीतींत माणसांना पिंपांजवळ दीर्घकाळ वावरावे लागे व कामही सावकाश चाले. म्हणून १९७० च्या दशकाच्या आरंभी तिसरी रीत निघाली. दालनात मिठाचा एक उतार करावयाचा, लोडरने पिंपे त्याच्या माथ्यावर आणावयाची आणि तेथून ती खाली ओतून द्यावयाची. एक थर झाला म्हणजे त्यावर मिठाचा भुगा पसरावयाचा आणि पुन्हा ओतावयाचे. पिंपे चेपतात, काहींची झाकणे सुटतात, हे दिसत होते. पण पिंप हे केवळ वाहतुकीपुरते, खरे संरक्षण मिठाचे, अशी त्या वेळची धारणा असल्यामुळे त्याचा कोणाला खेद झाला नाही. आज ती दालने उघडावयाची झाली, तर मीठ, गंजलेला पत्रा आणि फुटलेल्या पिंपांतील द्रव्य यांचा एकजीव ढीग समोर येणार आहे. तो ढीग उपसण्यासाठी कोणती यंत्रे घडवावीत, हा अभियंत्यांपुढचा प्रश्न त्या एका रीतीतून उत्पन्न झालेला आहे. मध्यम तीव्रतेची १,२९३ पिंपे मात्र ५११ मीटर खोलीवरच्या एका वेगळ्या दालनात, वरच्या मजल्यावरून पाडलेल्या छिद्रातून, यारीने एकेक करून सोडण्यात आली. बाकीचा कचरा ७२५ व ७५० मीटरांवरच्या बारा दालनांत गेला.

या पिंपांतले द्रव्य कोणाचे होते? जवळजवळ निम्मी पिंपे कार्ल्सरूहेहून आली, आणि म्हणून ती सरकारी संशोधनाची, असा समज पुष्कळ दिवस रूढ होता. परंतु कार्ल्सरूहे येथे वापरलेल्या अणुइंधनावर पुनःप्रक्रिया करणारा कारखाना होता, आणि तेथे प्रक्रियेसाठी येणाऱ्या इंधनाचा मोठा भाग वीजकंपन्यांच्या भट्ट्यांतला होता. काही पिंपे वीजकेंद्रांतून थेटही आली. कंपन्यांना त्यासाठी द्यावी लागलेली रक्कम, आजच्या खर्चाच्या मानाने पाहता, अगदीच नाममात्र होती.

१९७६ साली अणुकायद्यात दुरुस्ती झाली. कायमच्या निक्षेपस्थानासाठी यापुढे सविस्तर, जाहीर आणि लोकांच्या हरकती ऐकून घेणारी मंजुरीची कार्यवाही आवश्यक ठरली. आस्सेला अशी मंजुरी नव्हती. तेव्हा १९७८ च्या अखेरीस परवान्यांची मुदत संपली आणि पिंपे येणे थांबले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९७९ मध्ये, हान्स-हेल्गे युर्गेन्स नावाच्या एका जलअभियंत्याने एक प्रबंधिका प्रसिद्ध केली. दक्षिण अंगाचे खांब वरच्या डोंगराचा भार फार काळ पेलणार नाहीत, ते वाकले की बाजूचा खडक सैल होईल, त्यातून पाणी येईल आणि खाण बुडून किरणोत्सर्गी द्रव्य सजीव सृष्टीपर्यंत पोहोचण्याचा धोका उत्पन्न होईल, असे त्यात मांडलेले होते. चालकांनी आणि त्यांच्या सल्लागारांनी हा युक्तिवाद फेटाळून लावला. युर्गेन्स यांच्यापाशी गुप्त माहिती काहीच नव्हती. खाणीचे नकाशे आणि शेजारच्या दोन बुडालेल्या कूपांचा इतिहास जे सांगत होते, तेच त्यांनी सांगितले. सत्य जाणण्यास पुरेशी साधने उपलब्ध असूनही ते ऐकण्यास कोणी सिद्ध नव्हते, ही आस्सेच्या इतिहासातली मला सर्वांत क्लेशकारक वाटणारी गोष्ट आहे.

१९८८ साली पाणी आले. दक्षिणेच्या खडकातून मीठ विरघळवीत येणारे हे खारे पाणी पुढे दिवसाकाठी सुमारे १२ घनमीटर, म्हणजे १२,००० लिटर, इतके भरू लागले. त्यातले बहुतेक पाणी ६५८ मीटरांच्या पातळीवर अडवून, तपासून, वर उपसून बाहेर नेले जाई. हे पाणी मिठाने पूर्ण भरलेले असल्यामुळे सैंधवाला ते फारसे विरघळवीत नाही; परंतु आस्सेत सैंधवाशेजारी कार्नालाइट नावाचे पोटॅशयुक्त मीठ आहे आणि ते मात्र अशा पाण्यातही विरघळते. म्हणून पाण्याची वाट बदलली, की खाणीचा आधारच खचण्याचे भय. १९९५ ते २००४ या वर्षांत हानोव्हरजवळच्या रोनेनबेर्ग येथील जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यातून सुमारे २० लाख टन मीठ आणून ते रिकाम्या दालनांत फुंकून भरण्यात आले. पण भुग्याच्या रूपाने भरलेले मीठ दबून घट्ट होण्यास काळ लागतो. तोवर डोंगराचे सरकणे मंदावले, थांबले नाही.

यानंतर चालकांनी जो उपाय योजला, त्याने गावकऱ्यांचा धीर सुटला. खाण आज ना उद्या पाण्याने भरणारच, तर ती आपणच मॅग्नेशियम क्लोराइडच्या दाट द्रावणाने भरून टाकावी, म्हणजे कार्नालाइट विरघळणार नाही व आतून दाब मिळून डोंगर स्थिर होईल, असा तो बेत होता. रसायनाच्या दृष्टीने त्यात तथ्य होते. परंतु कचरा कोरडा राहील या हमीवर ज्यांच्या गावाखाली तो ठेवला, त्यांनाच आता कचरा आपण होऊन भिजविणार असे सांगण्यात येत होते. आधीच्या आश्वासनांचे काय झाले, असे त्यांनी विचारले, आणि ते विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

जून २००८ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, की खाणीत खोलवर साठणारे काही खारे पाणी सीझियम-१३७ ने मर्यादेबाहेर दूषित आहे, हे चालकांना वर्षानुवर्षे ठाऊक होते आणि ते पाणी ९७५ मीटर खोलीवर सोडण्यात येत होते. या पाण्याचे प्रमाण अल्प होते, वरच्या वस्तीला त्यापासून तत्काळ अपाय नव्हता. पण विश्वासाचा जो अंश उरला होता तो त्या दिवशी संपला. राज्याच्या पर्यावरण मंत्रालयाने अहवाल मागविला, आणि त्या वेळचे संघराज्याचे पर्यावरणमंत्री सिग्मार गाब्रिएल, ज्यांचा स्वतःचा मतदारसंघ याच परिसरात होता, यांनी खाण संशोधनसंस्थेकडून काढून किरणसंरक्षण कचेरीकडे सोपविण्याचा निर्णय घडवून आणला. १ जानेवारी २००९ पासून आस्से अणुकायद्याच्या कक्षेत आली. फेब्रुवारीत ब्राउनश्वाइगपासून आस्सेवरून, निक्षेपासाठीच योजलेल्या साल्त्सगिटरच्या कॉनराड खाणीपर्यंत, सुमारे ५२ किलोमीटर लांबीची दिव्यांची साखळी धरून हजारो लोक रस्त्यावर उभे राहिले. अंगणांतून, शेतांच्या कडेला पिवळ्या रंगाची लाकडी ‘ए’ अक्षरे उभी राहिली. शेतकरी, शिक्षक, सुतार, वृद्ध स्त्रिया असा तो समाज होता; पुढील वर्षांत त्यांच्यातल्या कित्येकांनी भूयांत्रिकी आणि किरणमापन यांचा इतका अभ्यास केला, की सरकारी तज्ज्ञांना त्यांच्यासमोर बेसावधपणे बोलणे अशक्य झाले. राज्याच्या विधिमंडळानेही चौकशी समिती नेमली आणि २०१२ पर्यंत तिने जुनी दफ्तरे चाळली. दरम्यान नव्या चालकांनी केलेल्या मोजदादीत प्लुटोनियमचा साठा पूर्वी सांगितलेल्या सुमारे १० किलोंऐवजी २८ किलोंच्या जवळ निघाला. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायु सुमारे २४,००० वर्षांचे आहे हे लक्षात घेतले, म्हणजे या दुरुस्तीचे गांभीर्य कळते.

किरणसंरक्षण कचेरीने तीन मार्ग तोलून पाहिले. दालने काँक्रीटने भरून सारे जागच्या जागी कोंडावे; किंवा कचरा त्याच मिठात अधिक खोल हलवावा; किंवा तो पूर्णपणे वर काढावा. जानेवारी २०१० मध्ये तिने तिसऱ्याची शिफारस केली, कारण दीर्घकालीन सुरक्षितता सिद्ध करता येईल असा तोच एक मार्ग होता. कचरा आत ठेवून पुढील सहस्रके तो बाहेर येणार नाही असे प्रामाणिकपणे सांगणे आता कोणालाच शक्य नव्हते. या निर्णयावर टीका झाली, आणि ती सर्वच हलकी नव्हती. वर काढणाऱ्या कामगारांवर आज निश्चितपणे पडणारे किरण आणि दूर भविष्यातील लोकांवर कदाचित पडणारे किरण यांची तुलना करावयाची झाल्यास, पारडे कोणीकडे झुकेल हे सांगणे कठीण आहे. तरीही मला तो निर्णय योग्य वाटतो; ज्यांना विचारून हे ठेवलेच नव्हते, त्या जन्माला न आलेल्या माणसांच्या माथी अनिश्चितता मारण्यापेक्षा आपल्या पिढीने मोजूनमापून कष्ट पत्करणे अधिक न्याय्य होय. २०१३ साली बुंडेस्टागने, म्हणजे संघराज्याच्या संसदेने, बहुसंख्य पक्षांच्या संमतीने खास आस्सेसाठी कायदा करून, सुरक्षिततेला बाध येत नसेल तर कचरा बाहेरच काढावा, असे ठरवून टाकले.

ठरविणे सोपे, करणे दुष्कर. एका दालनाच्या आत काय स्थिती आहे हे जाणण्यासाठी १ जून २०१२ रोजी पहिले छिद्र पाडावयास घेतले, तेव्हा आतून विषारी वा स्फोटक वायू उसळल्यास तोंड क्षणात बंद व्हावे अशी पोलादी झडप आधी बसवावी लागली, आणि काही मीटर मीठ भेदण्यासाठी महिनेच्या महिने गेले. जुना कूप शंभर वर्षांचा आणि अरुंद. त्यातून सव्वा लाख पिंपांचा भार सुरक्षितपणे येणे शक्य नाही, म्हणून खाणीच्या पूर्वेस नवा कूप खणावयाचा बेत आहे. आतली कामे दुरून चालविलेली यंत्रे करतील, प्रत्येक दालनाला हवेची बंदिस्त कुलपे असतील. तोवर पोकळ्यांत मॅग्नेशियमयुक्त काँक्रीट ओतून डोंगराला टेकू देणे चालूच आहे. २०१७ पासून हे सारे संघराज्याच्या मालकीच्या निक्षेपकंपनीकडे आहे. तिने २०२० साली वर काढण्याचा आरंभ २०३३ मध्ये करण्याचे योजले, आणि केवळ त्या आरंभापर्यंत पोहोचण्याचा खर्च ३ अब्ज युरोंहून अधिक धरला.

हा खर्च सरकारी खजिन्यातून होतो, वीजकंपन्यांच्या तिजोरीतून नव्हे. अणुकायद्याच्या २००९ च्या दुरुस्तीनेच तसे ठरले. आस्सेचा धडा उर्वरित कचऱ्याच्या बाबतीत मात्र थोडासा कामी आला. २०१७ साली जर्मनीतील वीजकंपन्यांनी सुमारे २४.१ अब्ज युरो एका सार्वजनिक निधीत भरले आणि मोबदल्यात कचऱ्याचा साठा व अंतिम निक्षेप यांची जबाबदारी संघराज्याने आपल्याकडे घेतली. अणुकेंद्रे मोडीत काढण्याचे काम कंपन्यांकडेच राहिले. पैसा पुरेल की नाही यावर मतभेद आहेत. परंतु ठेव आधी, विसर्जन नंतर, हा क्रम यात निदान आला. तसेच गोर्लेबेन येथील मिठाचा घुमट, जो १९७७ पासून अंतिम निक्षेपासाठी मुक्रर होऊन बसला होता आणि ज्याच्या समर्थनार्थ आस्सेचा हवाला दिला जात असे, तो २०२० साली भूगर्भीय निकषांवर वगळण्यात आला. देशाचा सारा नकाशा पुन्हा कोरा मानून शोध आरंभला गेला. रिकामी खाण आहे म्हणून ती घ्यावी, हा विचार तेथे आता कायद्यानेच हद्दपार झालेला आहे.

आस्सेवर मात्र प्रश्न संपलेले नाहीत. २०२४ मध्ये ६५८ मीटरांवर जमणारे पाणी एकाएकी घटले आणि त्यातले बरेचसे ७२५ मीटरांवर दिसू लागले, म्हणजे डोंगराच्या आतली वाट बदलली. वर काढलेला कचरा प्रथम ठेवावयाचा कोठे, याबद्दल कंपनीने खाणीलगतची जागा निवडली. अन्य जागांची तुलना न करता ती निवडली, असा गावकऱ्यांचा आक्षेप आहे, आणि या वादात त्यांच्या प्रतिनिधींचे कंपनीशी चाललेले सहकार्य तुटण्यापर्यंत पाळी आली. शेजारीच साल्त्सगिटर येथे सौम्य व मध्यम कचऱ्यासाठी सिद्ध होत असलेल्या कॉनराड खाणीच्या मंजुरीत आस्सेच्या पिंपांचा समावेश नाही. तीव्र कचऱ्यासाठी जे स्थान शोधावयाचे आहे, त्यातच यांचाही विचार व्हावा असे म्हटले जाते. परंतु ते स्थान २०३१ पर्यंत निश्चित करण्याचे कायद्याने धरलेले उद्दिष्ट आता कोणी शक्य मानीत नाही, आणि शोध करणाऱ्या कंपनीचा स्वतःचाच अंदाज २०४६ वा त्याहीपुढे जातो.